अपलोड केलं म्हणजे खुलं झालं का?

मराठीत लिहिलेला पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात असतो, कुणालाही पैसे न भरता उघडता येतो, आणि तरीही तो सापडत नाही. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या विभागात काम करते आणि ही अडचण माझ्या टेबलावर रोज येते. ओपन ॲक्सेसवरच्या, म्हणजे संशोधन सगळ्यांना मोफत वाचता यावं या विचारावरच्या चर्चासत्रांत सगळा जोर 'ज्ञान खुलं करा' यावर असतो. मीही त्याच बाजूची आहे. पण फाइल खुली केल्यावर ती सापडावी, नीट वाचता यावी, तिचा संदर्भ देता यावा, यासाठी कुणीतरी बसून काम करावं लागतं. ते कोण करतं आणि कसं, हे ग्रंथालयाबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. म्हणून आज लिहायला घेतलं.

आधी प्रबंध म्हणजे काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं आणि कुलूपबंद कपाट. घरी न्यायला परवानगी नाही, झेरॉक्स हवी तर अर्ज करायचा आणि तीही मोजक्या पानांची. तालुक्याच्या गावाहून पहाटेची एसटी पकडून आलेला संशोधक संध्याकाळच्या गाडीपर्यंत जेवढं वहीत उतरवता येईल तेवढं उतरवून घ्यायचा. ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याच्या आवाराबाहेर त्या संशोधनाचा पत्ताच नसायचा.

२००९ साली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, पीएचडीच्या नियमावलीत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'शोधगंगा' उभी राहिली, विद्यापीठांशी सामंजस्य करार झाले, आणि आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. ती ज्या डीस्पेस सॉफ्टवेअरवर चालते ते एमआयटीच्या ग्रंथालयाने एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेबरोबर मिळून २००२ मध्ये बाहेर काढलं आणि सगळ्यांना मोफत दिलं. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुनी दुर्मीळ पुस्तकं आणि सरकारी अहवाल स्कॅन करून अशाच भांडारात सगळ्यांसाठी ठेवले आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शोधनिबंधही असेच मिळतात. कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी 'कृषिकोश' आहे. ठिकठिकाणच्या ग्रंथालयांनी हे काम मनावर घेतलं म्हणून ते झालं.

आमच्याकडे प्रबंध येतो तो व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा होऊन पदवी जाहीर झाल्यावर. पूर्वी सीडी यायची, आता पेनड्राइव्ह किंवा लिंक. शोधगंगेवर तो अखंड टाकायचा नसतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, अनुक्रमणिका, मग एकेक प्रकरण, संदर्भसूची, परिशिष्टं, अशा क्रमांक घातलेल्या वेगवेगळ्या फायली करायच्या. मुखपृष्ठ आणि निष्कर्ष एकत्र करून '८०' क्रमांकाची एक फाइल करायची, म्हणजे घाईतल्या वाचकाला निष्कर्ष आधी पाहता येतो. संशोधकाने हे सगळं नीट करून दिलं तर काम पटकन होतं. बहुतेक वेळा एकच भलीमोठी पीडीएफ येते, तिच्यात तिसरं प्रकरण दोनदा असतं आणि संदर्भसूची नसते. मग फोन करायचा. फोनवर उत्तर येतं, "मॅडम, ते सगळं डीटीपीवाल्याकडे आहे."

आणि डीटीपीवाल्यापाशीच खरी अडचण सुरू होते. मराठी प्रबंध वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप होत आले. अजूनही होतात, कारण टाइप करणाऱ्याचा हात त्याच कीबोर्डवर बसलेला असतो. पीडीएफ डोळ्यांना सुरेख दिसते. त्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केली की कंस, टक्केवारीची चिन्हं आणि रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो. या फॉन्टमध्ये 'क' दिसतो तिथे संगणकाच्या लेखी भलतंच एखादं इंग्रजी अक्षर असतं. मराठी असते ती फक्त पडद्यावरच्या आकारापुरती. त्यामुळे 'दुष्काळ' हा शब्द प्रबंधात शंभर वेळा आला असला तरी गूगलला तो एकदाही दिसत नाही. दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीन रीडर लावतो, त्याला निरर्थक आवाज ऐकू येतात. आणि वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर त्या मजकुराला काहीच साम्य नाही असं खुशाल सांगतं.

हे कळल्यापासून आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली, नोंदणी होते तेव्हाच संशोधकाला युनिकोडबद्दल सांगायचं, म्हणजे संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळेल अशा टायपिंगबद्दल. प्रबंध पूर्ण झाल्यावर सांगून उपयोग नसतो. तोवर चारशे पानं टाइप झालेली असतात आणि माणूस थकलेला असतो. कोर्सवर्कच्या वर्गात मला एक तास मिळतो. त्यात मी प्रत्येकाला स्वतःच्या मोबाइलवर एक परिच्छेद मराठीत टाइप करायला लावते आणि सांगते, हे जे तुम्ही आता केलंत तेच युनिकोड. व्हॉट्सॲपवर रोज मराठीत लिहिणारी ही माणसं. प्रबंध मात्र जुन्या फॉन्टमध्येच टाइप झाला पाहिजे अशी त्यांची समजूत करून दिलेली असते.

दुसरी गोष्ट जुन्या प्रबंधांची. कन्व्हर्टर आहेत, पण ते मूळ वर्ड फाइलवर चालतात आणि ती फाइल बहुधा कुणाकडेच नसते. मग पानांची चित्रं करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं मशीनकडून ओळखून घेणं, करावं लागतं. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी बऱ्यापैकी वाचतं. तरी 'ध'चा 'घ' होतो, 'भ'चा 'म' होतो, रफार उडतो आणि 'सर्व'चं 'सव' होतं. सगळ्यात जास्त चुका होतात त्या बोलीभाषेच्या मजकुरात. जात्यावरच्या ओव्यांवरचा एक प्रबंध आमच्याकडे होता, परिशिष्टात गावोगावच्या बायकांकडून टिपून घेतलेल्या शेकडो ओव्या. मशीनने त्यातल्या बोलीतल्या शब्दांच्या जागी ओळखीचे प्रमाण शब्द बसवले होते. ती पानं मी आणि माझी सहकारी दोघींनी मूळ प्रतीशी ताडून वाचली; एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने पडद्यावर बोट ठेवायचं. आमच्यासोबतचे ग्रंथालय परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, तेही येऊन उभे राहिले आणि एका शब्दाला म्हणाले, "हा शब्द बरोबर आहे ताई, माझी आई असंच म्हणायची. बदलू नका." आम्ही तो बदलला नाही.

मग येतो मेटाडेटा. शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विषयशब्द. काम कंटाळवाणं आहे आणि प्रबंध सापडणार की नाही हे इथेच ठरतं. मराठी प्रबंधाचं शीर्षक पुष्कळदा रोमन लिपीत टाकलेलं असतं आणि त्याचं स्पेलिंग ज्याचं त्याचं वेगळं. 'ऊसतोड' शोधणाऱ्याने 'ऊस तोड', 'उसतोड' असं काहीही टाइप केलं तरी प्रबंध हाती लागला पाहिजे. म्हणून विषयशब्दांत आम्ही हे पर्याय मुद्दाम घालतो. देवनागरीत शीर्षक, रोमनमध्ये शीर्षक, आणि इंग्रजी सारांश असेल तर तोही. जिल्ह्याचं नाव न चुकता घालते, कारण आपल्याकडचे वाचक विषय घेऊन येतात तसे जिल्हा घेऊनही येतात. "परभणीवर काही आहे का?"

परिशिष्टं उघडून पाहायची सवयही मला या कामाने लावली. समाजशास्त्राच्या, स्त्री-अभ्यासाच्या प्रबंधांत मुलाखती दिलेल्यांची यादी असते. नाव, गाव, वय, कधी मोबाइल नंबर, कधी आजाराचा किंवा घरातल्या मारहाणीचा उल्लेख. कपाटातल्या प्रतीत ते चार लोकांनी पाहिलं असतं. नेटवर गेलं की कायमचं गेलं. त्या बाईने मुलाखत दिली ती समोर बसलेल्या मुलीवर विश्वास ठेवून. अशी पानं दिसली की मी अपलोड थांबवते, संशोधक आणि मार्गदर्शकांशी बोलते आणि नावं-नंबर झाकलेली प्रत मागते. ओपन ॲक्सेसचा आग्रह धरणाऱ्या ग्रंथालयाने काय उघडायचं नाही हेही तितक्याच आग्रहाने पाहायला हवं. मला हे खूप महत्त्वाचं वाटतं.

संशोधकांची भीती मात्र वेगळीच असते. "नेटवर टाकलं की कुणीही चोरेल." खरं पाहता चोरी कपाटातल्या प्रतीतूनच सोपी होती, दूरच्या विद्यापीठात कुणी पानंच्या पानं उतरवली तर पकडणार कोण? खुला असलेला, युनिकोडमधला प्रबंध तपासणीच्या सॉफ्टवेअरला दिसतो आणि उतरवणारा सापडतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या आहेत. प्रबंधाचं पुस्तक काढायचं असेल किंवा पेटंटचा प्रश्न असेल तर काही काळ प्रबंध रोखून ठेवण्याची विनंती करता येते. हे सांगितलं की बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो.

आता शोधनिबंधांकडे येते, कारण तिथे पैशांचा प्रश्न आहे आणि तो रागावण्यासारखा आहे. ओपन ॲक्सेसचा एक रस्ता असा की वाचकाऐवजी लेखकाने पैसे भरायचे. 'नेचर'ने २०२१ पासून एका निबंधासाठी ९,५०० युरो असा दर लावला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने आठ-साडेआठ लाख रुपये. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या संशोधकाला हा आकडा ऐकूनच दार बंद झाल्यासारखं वाटतं. त्याच वेळी त्याच्या व्हॉट्सॲपवर दुसरा निरोप येतो: दोन दिवसांत प्रकाशन, हजार-दोन हजार रुपये, सोबत ई-प्रमाणपत्र. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनी प्रबंध देण्याआधी निबंध प्रसिद्ध करणं सक्तीचं केलं, तेव्हा अशा नियतकालिकांचं पीक माजलं. २०२२ मध्ये ती सक्ती गेली, तरी नेमणूक आणि बढतीसाठी निबंध मोजले जातातच.

याच्या विरोधात महाराष्ट्रातूनच काम झालं, हे अभिमानाने सांगावंसं वाटतं. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे विद्यापीठातून यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या यादीची चिकित्सा केली आणि ती २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली जी नियतकालिकं त्यांनी तपासली, त्यांतली ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. पुढे यूजीसीची नवी 'केअर' यादी आली, तिचं कामही पुण्यातूनच चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादी बंद केली आणि चांगलं नियतकालिक कोणतं हे ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आली. आता संशोधक यादी पाहत नाही, थेट आमच्याकडे येतो. मी त्याच्या शेजारी बसते आणि वेबसाइट उघडते. एकाच नियतकालिकात अभियांत्रिकी, आयुर्वेद, मराठी साहित्य आणि व्यवस्थापन असेल तर तिथेच थांबायचं. संपादक मंडळातल्या दोघांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधायची. ती व्यक्ती तिथे आहे का, आणि तिने या नियतकालिकाचा उल्लेख केला आहे का. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, त्याच्या अधिकृत पोर्टलवर टाकून पाहायचा. आणि डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या सूचीत नाव आहे का ते बघायचं. ही सूची २००३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अवघ्या ३०० नियतकालिकांपासून सुरू केली होती. अर्ध्या तासात निकाल लागतो आणि संशोधकाचे पैसे वाचतात. नावही वाचतं, जे पैशांनी परत मिळत नाही.

पैसे न भरता निबंध खुला करण्याचा मार्गही आहे आणि तो आपल्याकडे फार कमी वापरला जातो. बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाला त्याची स्वीकृत प्रत, म्हणजे परीक्षकांच्या सूचनांप्रमाणे दुरुस्त झालेली पण प्रकाशकाने मांडणी न केलेली प्रत, संस्थेच्या भांडारात ठेवू देतात. कधी लगेच, कधी वर्षभराने किंवा त्याहून उशिरा. कोण काय परवानगी देतं ते 'ओपन पॉलिसी फाइंडर' (पूर्वीचं शेर्पा रोमियो) या साइटवर दिसतं. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांच्या डिसेंबर २०१४ च्या धोरणाने, त्यांच्या निधीतून झालेल्या संशोधनाच्या प्रती अशा भांडारात ठेवायला सांगितलं आहे. अडतं कुठे? ती स्वीकृत प्रत लेखकाकडे नसते. प्रकाशकाची देखणी पीडीएफ आली की आधीची वर्ड फाइल लॅपटॉप बदलताना जाते. म्हणून प्राध्यापकांना माझं एकच मागणं असतं: सर, निबंध स्वीकारल्याचा ईमेल आला की तो आणि त्यावेळची फाइल, दोन्ही त्याच दिवशी मला फॉरवर्ड करा. पुढचं मी बघते.

मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांत तर मोठा प्रकाशक येणारच नाही. तिथे विद्यापीठानेच प्रकाशक व्हायला हवं आणि ग्रंथालयाकडे त्याची सामग्री आहे. ओपन जर्नल सिस्टिम्स हे ऑनलाइन नियतकालिक चालवण्याचं सॉफ्टवेअर कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने बनवलं. सायमन फ्रेझर विद्यापीठाचं ग्रंथालय त्यात भागीदार आहे आणि हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. आयएसएसएन दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयाकडून विनामूल्य मिळतो. आमच्या एका विभागाचं छापील वार्षिक आम्ही या पद्धतीने ऑनलाइन आणलं. लेखकाकडून पैसे नाहीत, वाचकाकडून नाहीत. खर्च आहे तो सर्व्हरचा आणि माणसांच्या वेळेचा. सगळ्यात जड गेलं ते परीक्षण. ओळखीच्या माणसाचा निबंध परत पाठवायचा ही आपल्याकडे अवघड गोष्ट आहे. नाव झाकून निबंध पाठवणं सॉफ्टवेअरमुळे सोपं झालं, आणि परीक्षकांचे शेरे हळूहळू मोकळे व्हायला लागले.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे, म्हणजे केंद्र सरकारनेच नियतकालिकांची एकत्र वर्गणी भरण्याच्या योजनेमुळे, या सगळ्याची गरज संपली, असं मला कुणी ना कुणी सांगतं. योजना मोठी आहे आणि तिचं मी मनापासून स्वागत केलं आहे. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. जी नियतकालिकं आम्हाला कधी परवडली नाहीत ती आज विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर उघडतात. पण हे वाचण्यासाठी तुम्ही त्या संस्थेत असावं लागतं. महाराष्ट्रातली बहुसंख्य महाविद्यालयं खासगी शिक्षणसंस्थांची आहेत आणि पहिला टप्पा सरकारी संस्थांसाठी आहे. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक येतात, गावोगावच्या वीरगळांची नोंद करतात, फोटो काढतात, मापं घेतात. त्यांचा कुठल्या संस्थेशी संबंध नाही. त्यांना वाचता येतं ते फक्त खरोखर खुलं असलेलं. आणि वर्गणी भरून मिळालेलं मुदत संपली की जातं. भांडारात ठेवलेलं राहतं.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी २००९ च्या आधी पीएचडी केली असेल त्यांना विनंती आहे. तुमचा प्रबंध बहुधा अजून कपाटातच आहे. विद्यापीठाचा वेगळा नियम किंवा करार नसेल तर त्याचा कॉपीराइट तुमचा असतो, आणि तुमच्या संमतीशिवाय तो नेटवर टाकणं आम्हाला योग्य वाटत नाही. त्याचं पुस्तक निघालं असेल तर प्रकाशकाशी झालेला करार काढून बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, त्यामुळे हक्क कदाचित तुमच्याकडे परत आलेही असतील. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना संमतीचं साधं पत्र लिहा: नाव, विषय, वर्ष, मार्गदर्शक आणि 'माझा प्रबंध सर्वांसाठी खुला करावा' एवढं पुरे. मूळ वर्ड फाइल एखाद्या जुन्या सीडीत सापडली तर तीही द्या, फॉन्ट कोणताही असो. परिशिष्टात कुणाची नावं-नंबर असतील तर त्या पानांवर खूण करून ठेवा.